गडद भिंती आणि श्रावकाचे घर

गृहसजावटीच्या बाजारात सध्या तीन रंगांची चलती आहे. एक कोळशासारखा काळा, दुसरा रात्रीच्या आकाशासारखा गर्द निळा आणि तिसरा पारव्याच्या पिसासारखा करडा. नव्या सदनिकेचा ताबा मिळाला की तरुण जोडपे रंगाच्या दुकानातून शेडकार्ड घेऊन येते आणि जेवणाच्या टेबलावर पसरते. घरातील आजींना मात्र हे तीन रंग दुसऱ्याच ठिकाणचे म्हणून परिचित असतात. कृष्ण, नील, कापोत. सहा लेश्यांपैकी नेमक्या याच तीन अशुभ. उत्तराध्ययन सूत्राच्या 34व्या अध्ययनात कापोत लेश्येच्या वर्णासाठी पारव्याच्या मानेची उपमा आली आहे आणि शेडकार्डावरील करड्या चौकोनाकडे पाहिल्यावर ती उपमा आठवल्यावाचून राहत नाही. तेव्हा आजींनी जर विचारले की, अशा भिंतींच्या आड सामायिक कसले होणार, तर त्या प्रश्नाला केवळ जुन्या माणसांचा हेका म्हणून बाजूला सारता येत नाही.

सुनेचे म्हणणेही तितकेच विचार करण्यासारखे असते. दिवसभर दुकानात किंवा कार्यालयात पांढऱ्या ट्यूबलाइटखाली काढायचा, आणि घरी यावे तर पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चकचकीत फरश्या, छतावर पुन्हा पांढराशुभ्र प्रकाश. घर की दवाखाना, असा तिचा सवाल असतो. बसावे, दोन शब्द बोलावे, काही वाचावे असा कोपरा घरात कुठेच नाही आणि तो गडद रंगाने मिळेल अशी तिची खात्री असते. एका दिवाणखान्याच्या रंगावरून महिनाभर अबोला धरलेली घरे समाजात आहेत. व्यापारी कुटुंबांत भागीदारीचे वाद बैठकीत मिटतात, रंगाचे मात्र मिटत नाहीत, कारण तेथे दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी बऱ्याच अंशी खऱ्या असतात.

प्रथम लेश्येचा मुद्दा. लेश्या म्हणजे आत्म्याच्या परिणामांची छटा, भिंतीची नव्हे. जांभळाच्या झाडाचा दृष्टांत पाठशाळेतील मुलांनाही पाठ असतो. सहा भुकेले वाटसरू एकाच झाडाखाली आले. एकाला झाड मुळापासून तोडावेसे वाटले, दुसऱ्याला मोठ्या फांद्या, तिसऱ्याला डहाळ्या, चौथ्याला घोस, पाचव्याला फक्त पिकलेली फळे, आणि सहावा खाली पडलेली जांभळे वेचून तृप्त झाला. सहाही जण एकाच झाडाच्या एकाच सावलीत उभे होते. सावलीने कोणाची लेश्या बदलली नाही. संगमरवरी शुभ्र दिवाणखान्यात बसून कुळाचे खोटे हिशोब लिहिणारा आणि धुराने काळवंडलेल्या खोलीत बसून नवकार मोजणारा, यांतील शुक्ल लेश्येच्या जवळ कोण, हे सांगण्यासाठी आगम उघडण्याची आवश्यकता नाही.

गडद वर्ण मुळातच अमंगल, ही समजूतही जैन परंपरेच्या कसोटीवर टिकत नाही. चोवीस तीर्थंकरांपैकी मुनिसुव्रत आणि नेमिनाथ हे दोघे श्यामवर्णी. गिरनारवरील नेमिनाथांच्या मूर्तीसमोर हात जोडताना तिचा काळा वर्ण कोणाच्या मनात अशुभाची शंका आणत नाही. पंचपरमेष्ठींच्या वर्णांत अरिहंत श्वेत, सिद्ध रक्त, आचार्य पीत, उपाध्याय हरित आणि साधू श्याम. नवपदाच्या ओळीत आयंबिल करणारी घरे हा क्रम ताटातून जाणतात. पहिल्या दिवशी तांदूळ, दुसऱ्या दिवशी गहू, मग चणा, मग मूग आणि पाचव्या दिवशी काळे उडीद. साधुपदाच्या दिवशी ज्या वर्णाचे धान्य शिजते, तो वर्ण भिंतीवर आला म्हणून घराचे वाटोळे होईल असे मानण्याला आधार नाही.

तरीही जैन मनाला पांढऱ्याची ओढ का असावी, याचे उत्तर आपल्या यात्रांत आहे. देलवाड्याची विमलवसही 1031ची, लूणवसही 1230ची, राणकपूर पंधराव्या शतकातील. पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले हे संगमरवर डोळ्यांत भरून राहिले आणि पावित्र्य म्हणजे शुभ्रता असे समीकरण ठरून गेले. परंतु महाराष्ट्रातील जैनांचा प्राचीन वारसा पाहावा तर तो काळ्या पाषाणात आहे. वेरूळच्या 30 ते 34 क्रमांकांच्या लेण्या जैनांच्या. 32व्या लेणीत, जिला इंद्रसभा म्हणतात, भर दुपारच्या उन्हातून आत पाऊल टाकले की काही क्षण काहीच दिसत नाही. मग हळूहळू खांब उमटतात, मग कोरीव वेली, आणि शेवटी गाभाऱ्यातील ध्यानस्थ मूर्ती. डोळे निवतात, आवाज आपोआप खाली येतो. तेथे मनाची जी अवस्था होते, तिच्याच शोधात शेडकार्डावरील गर्द चौकोनावर बोट ठेवले जाते, फक्त ते सुनेला नीट सांगता येत नाही आणि सासूला ऐकून घेण्याची सवड नसते.

घरांचेही तेच. मराठी मुलखातील जुन्या घरात ओसरी उजळ असे आणि माजघर अंधारे. भिंती चुन्याच्या पांढऱ्या असल्या तरी खिडक्या लहान, खांब-तुळया सागवानी, कपाटे शिसवी. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे काम 1807च्या सुमारास पुरे झाले. त्याचे सुरूच्या आकाराचे सागवानी खांब पाहिले की पांढरी भिंत आणि गडद लाकूड यांचा मेळ किती विचारपूर्वक साधला जात असे ते कळते. पेढीवरही पांढरी गादी, पांढरे लोड-तक्के, आणि पाठीमागे काळसर लाकडाचे कपाट व तिजोरी. नजर जेथे काम करते तेथे उजेड आणि जेथे ती टेकते तेथे गडदपणा, अशी ही विभागणी होती. ती कोणी ग्रंथात लिहून ठेवली नाही. सुतार, गवंडी आणि घरधनी यांना ती ठाऊक होती.

आता ऊब. गडद रंगाने खोली उबदार होते असे सजावटकार सांगतात. थर्मामीटरला विचारले तर तो नाही म्हणेल. बाहेरच्या भिंतीवर किंवा गच्चीवर काळा रंग दिला तर ऊन शोषले जाऊन घर तापते, हे खरे. म्हणूनच गच्चीवर पांढरा लेप देतात. आतील भिंतीवर थेट ऊन पडत नसेल तर काळ्या आणि पांढऱ्या रंगाने खोलीच्या तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. उष्णतेच्या अदृश्य किरणांना दोन्ही रंग जवळजवळ सारखेच. पश्चिमेकडून दुपारचे ऊन थेट ज्या भिंतीवर येते तिचा तेवढा अपवाद. ऊब आहे ती डोळ्यांची. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा 80 किंवा त्याहून अधिक परत फेकते, गर्द भिंत शेकडा 10च्या आसपास. शेडकार्डाच्या मागे बऱ्याच कंपन्या हा आकडा छापतात, 0 म्हणजे पूर्ण काळा आणि 100 म्हणजे पूर्ण पांढरा. पांढऱ्या खोलीत एक दिवा लावला की प्रकाश भिंतीभिंतींवरून उड्या मारत सर्वत्र सारखा पसरतो. गडद खोलीत तो दिव्याजवळच राहतो. दिव्याभोवती एक वर्तुळ तयार होते, त्यात माणसे जवळ जवळ बसतात, खोलीच्या कडा मागे सरतात. ज्याला ऊब म्हणतात ती ही.

म्हणून गडद भिंतीचा विचार दिव्यापासून वेगळा करता येत नाही, आणि बहुतेक घरांची फसगत येथेच होते. भिंत गर्द हिरवी केली आणि छतावर 6500 केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा तसाच ठेवला, तर ती भिंत शेवाळलेल्या विहिरीसारखी दिसते. मग दोष रंगाला दिला जातो. जुन्या तारेच्या बल्बचा पिवळसर प्रकाश 2700 केल्व्हिनच्या जवळपासचा. आज त्याच छटेचे एलईडी दिवे दुकानात सहज मिळतात. छतावरील एका झगझगीत दिव्याऐवजी खाली, बसणाऱ्याच्या खांद्याच्या पातळीवर दोन-तीन लहान दिवे असले तर तीच हिरवी भिंत मखमलीसारखी वाटू लागते. वाचणाऱ्याच्या शेजारी स्वतंत्र दिवा हवा. वडीलधाऱ्यांना लहान टायपातील पोथी वाचायची असेल तर तो चांगला तेजस्वी हवा. साठीनंतर डोळ्याला तरुणपणापेक्षा कितीतरी अधिक उजेड लागतो, हे सजावटकार तरुण असला की विसरतो.

संध्याकाळच्या प्रकाशात रंग कसे बदलतात याची एक गंमत आहे. झेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे टिपून ठेवले की उजेड मंदावू लागला की तांबडे रंग आधी विझतात आणि निळे-हिरवे अधिक काळ टिकतात. बागेतील लाल जास्वंद तिन्हीसांजेला काळी दिसू लागते, पाने मात्र हिरवीच राहतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा सिद्धान्त समजावावा लागत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा की दुकानात दुपारी आवडलेला कुसुंबी किंवा मरून रंग संध्याकाळी घरात काळाठिक्कर भासण्याचा संभव फार. ज्यांना गडद भिंत हवी पण अंधारकोठडी नको, त्यांनी गर्द निळा अथवा हिरवा पसंत करावा, किंवा तांबड्याला पिवळसर दिव्याची भरपूर साथ द्यावी.

सोन्याचांदीच्या घरांना आणखी एक गोष्ट रुचेल. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी 1933-34 साली सावल्यांच्या सौंदर्यावर एक निबंध लिहिला. सोनेरी नक्षीची काळी लाखी भांडी विजेच्या प्रकाशात भडक दिसतात, कारण ती मुळी अंधाऱ्या खोलीत, मिणमिणत्या दिव्यापाशी पाहण्यासाठीच घडवलेली होती, असा त्यांचा एक मुद्दा होता. सराफ पेढीवर दागिना गडद मखमलीवरच मांडतो, यात वेगळे काय आहे? घरातील पितळी समई, जुना तांब्याचा हंडा, सोनेरी चौकटीतील तीर्थपट यांना पांढऱ्या भिंतीवर जो निस्तेजपणा येतो, तो गर्द भिंतीवर उरत नाही. आजींचा जुना हंडा माळ्यावरून खाली उतरविण्याचा हा एक मार्ग आहे. अनेक वाद त्या हंड्यापाशी निवळण्याची शक्यता नाकारता येत नाही.

व्यापाऱ्याने मात्र एका ठिकाणी सावध असावे. मिशेल युजीन शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो, रंगात खोट आहे, अशा तक्रारी त्याच्याकडे आल्या. तपास केला तेव्हा रंग चोख निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा फिका दिसत होता. त्यातून 1839 साली त्याचा रंगांच्या परस्परविरोधावरील प्रसिद्ध ग्रंथ आला. कापडाच्या दुकानात गडद हिरवी भिंत करणाऱ्या तरुण मालकाने हे ध्यानात ठेवावे. त्या भिंतीशेजारी उलगडलेली अबोली साडी अधिक तांबूस दिसेल, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन ती उजेडात पाहील तेव्हा परत येईल. हिरे पारखणारे पांढऱ्या कागदाच्या घडीवर, समतोल उजेडात पारखतात ते उगाच नव्हे. दुकानाच्या दर्शनी भागात, बैठकीत, कार्यालयाच्या स्वागतकक्षात गडद रंग खुशाल असावा. माल जेथे उलगडला जातो तेथे नको.

आता खरा प्रश्न. श्रावकाच्या घराच्या बाबतीत रंगाची निवड ही केवळ रुचीची गोष्ट राहत नाही, कारण त्या घरात जयणा पाळायची असते आणि जयणा दिसण्यावर अवलंबून आहे. चालताना खाली पाहून पाऊल टाकावे असे शिकवले जाते. पाहूनही काही दिसलेच नाही तर त्या शिकवणीचा उपयोग काय? काळ्या किंवा गर्द तपकिरी फरशीवरून मुंग्यांची रांग जाते तेव्हा ती कोणाला दिसत नाही. फिकट फरशीवर तीच रांग दुरून लक्षात येते आणि घरातील लहान मूलसुद्धा ती ओलांडून जाते. सामायिकाला बसण्यापूर्वी जागा पूंजणीने मऊपणे झाडून घेतात, तेव्हा नजर ज्या बारीक हालचालीच्या शोधात असते, ती गडद फरशी गिळून टाकते. फरशीच्या बाबतीत आजींचे म्हणणे शंभर टक्के मान्य करावे लागते, लेश्येसाठी नव्हे, मुंगीसाठी.

स्वयंपाकघराचा ओटा हे त्याहून मोठे उदाहरण. कित्येक वर्षे घरोघरी कडप्प्याचा काळा ओटा होता आणि त्यानंतर काळा ग्रॅनाइट आला. डाग दिसत नाहीत, हा त्याचा मोठा गुण सांगितला जातो. डाग दिसत नाहीत म्हणजे काळ्या मुंग्याही दिसत नाहीत, भाजीतून पडलेली अळीही दिसत नाही, डाळीतून निघालेला पोरकिडाही दिसत नाही. गरम भांडे त्यावर टेकवले की जे व्हायचे ते होऊन जाते. ज्या घरात भाजी निवडणे, धान्य पाखडणे, पाणी गाळून जिवाणी सांभाळून जागच्या जागी पोहोचविणे हे अजून चालते, त्या घराने ओटा फिकट ठेवावा. फिका राखी किंवा दुधी ग्रॅनाइट मिळतो, त्यावर हळदीचा डाग पडेल, तो पुसावा लागेल. नव्या स्वयंपाकघरांत ओट्याच्या वरच्या कपाटांना गर्द निळा किंवा काळपट हिरवा रंग देण्याची आवड आहे. ती हरकत घेण्याजोगी नाही, बाहेरून. कपाटांच्या आतली बाजू पांढरीच असावी, म्हणजे पिठाच्या डब्याभोवती काय हलते ते दिसेल. आणि ओट्यावर, कपाटाच्या खालच्या कडेला, लांब पट्टीचा दिवा.

जेवणाच्या खोलीची कथा वेगळी. पाश्चात्त्य घरांत भोजनगृहाला गडद रंग देण्याची रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज घरांत ते गर्द तांबडे किंवा हिरवे असे. त्यामागे कारण होते. लंडनला डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, जेवण रात्री, मेणबत्त्या किंवा गॅसच्या उजेडात, आणि कोळशाच्या धुराने पांढरी भिंत तशीही काळी पडणारच. ज्या घरात चौविहार पाळला जातो त्या घरात यांतील एकही कारण लागू पडत नाही. तेथे संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी, दिवसाच्या उजेडात उरकलेले असते, आणि ते तसे असावे याचे मूळ कारणच अन्नातील जीव दिसावा हे आहे. मासिकातील छायाचित्र पाहून त्या खोलीची भिंत काळी करणे म्हणजे दुसऱ्याच्या रात्रीसाठी शिवलेला कोट आपल्या दुपारी घालण्यासारखे आहे. जैन घराची संध्याकाळ जेवणानंतर सुरू होते. प्रतिक्रमण झाले, दुकानातून सगळे परतले, मुलांचा अभ्यास आटोपला, की मग जी दीड-दोन तासांची निवांत वेळ उरते ती दिवाणखान्यात किंवा वडिलांच्या खोलीत जाते. गडद रंगाचे स्थान तेथे आहे. शयनगृहाची एखादी भिंत, पुस्तकांच्या कपाटामागची भिंत, बैठकीच्या पाठीमागची भिंत. खाली फिकट फरशी, वर पांढरे छत, मधे गडद भिंत.

भिंत गडद असली तर डास तिच्यावर विसावलेले दिसत नाहीत, ही तक्रार बरोबर आहे. डासांना गडद पृष्ठभाग आवडतातही. पडदा हलवताना, चौकट पुसताना हात जपून फिरवावा लागतो. खिडक्यांना बारीक जाळी बसवणे हा त्यावरचा उपाय रंग पांढरा असला तरी करावाच लागतो. उलट जळमटे गडद भिंतीवर चटकन नजरेस पडतात, आणि कोळ्याने घर थाटण्यापूर्वीच ती काढता येतात. एवढा हिशोब दोन्ही खात्यांवर मांडलेला बरा.

गडद सजावटीबरोबर जी सामग्री घरात येते तिच्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. काळसर लाकडाला झळाळी आणण्यासाठी जे पारंपरिक पॉलिश देतात ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे. लाख हा एका कीटकाचा स्राव. फांद्यांवरील असंख्य किड्यांच्या थरासकट ती खरवडून घेतात. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य हे नाव स्पष्ट आहे. जो धंदा करू नये म्हणून पूर्वजांनी पाठ सोडली, त्याच मालाने घरातील पलंग आणि कपाटे चमकवावीत हे विसंगत आहे, आणि बहुतेक घरांना याची कल्पनाही नसते. सुतार ‘स्पिरिट पॉलिश’ म्हणतो तेव्हा त्याच्या बरणीत बहुधा चपडाच विरघळलेला असतो. त्याला आधीच सांगून मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनचे पॉलिश, अथवा जवसाचे तेल वापरण्यास सांगावे. कामही टिकाऊ होते.

गर्द तपकिरी कातडी सोफा हा या सजावटीचा जणू मानबिंदू. त्याविषयी या पृष्ठांवर अधिक लिहिण्याची गरज नसावी. पण ‘हाफ लेदर’ या नावाखाली बसण्याच्या भागाला खरे चामडे आणि मागे-बाजूला कृत्रिम, असा माल विकला जातो, तेव्हा पावतीवर सामग्री लिहून घ्यावी. जड रेशमी पडद्यांऐवजी सुती मखमल चालते, आणि प्रकाश शोषण्याचे काम ती रेशमापेक्षा अधिक चांगले करते. रंगाच्या डब्याबाबत चिंता थोडी कमी आहे. चित्रकारांचा ‘आयव्हरी ब्लॅक’ हाडे जाळून केलेला असतो. भिंतीच्या रंगातील काळा बहुतांशी कार्बन ब्लॅकचा किंवा लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे खनिज मार्गाने आलेला. ज्याला खातरी हवी त्याने कंपनीला पत्र टाकून विचारावे, उत्तर देणे त्यांचे काम आहे.

खर्चाचे गणित मांडल्याशिवाय व्यापारी घरात कोणताच प्रस्ताव मंजूर होत नाही, आणि ते योग्यच आहे. गडद छटा ज्या मूळ रंगात मिसळून तयार होतात त्या ‘डीप बेस’मध्ये पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड फार थोडा असतो, म्हणून त्याची झाकण्याची शक्ती कमी. पांढऱ्या भिंतीवर दोन हातांत काम होत नाही, तिसरा हात लागतो. आधी करड्या छटेचा प्रायमर दिला तर तो तिसरा हात बऱ्याचदा वाचतो, हे रंगाऱ्याला सुचवावे लागते. मॅट रंग सर्वांत सुंदर दिसतो आणि सर्वांत लवकर खराबही होतो. मुलांची बोटे, खुर्चीची पाठ, पिशवीची कड यांचे पांढरट ओरखडे उठतात. जेथे वावर अधिक तेथे किंचित तुकतुकीचा, धुता येणारा रंग घ्यावा, आणि अर्धा लिटर रंग त्याच मिश्रणाचा बाजूला काढून, डब्यावर क्रमांक लिहून ठेवावा. पुढे पुन्हा पांढऱ्याकडे वळायचे झाले तर प्रायमरचे जादा हात धरावे लागतील. तो भार मुलांच्या लग्नाच्या वेळी येतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

विजेच्या बिलाची भीती मात्र अनाठायी आहे. गडद भिंतीमुळे 9 वॅटचे चार दिवे जादा लागले आणि ते रोज पाच तास जळले असे धरू. दिवसाचे 180 वॅट-तास, वर्षाचे सुमारे 66 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तरी वर्षाला साडेसहाशे-सातशे रुपये. एवढ्या रकमेवरून कोणी सुनेची हौस मोडू नये.

काम केव्हा काढावे हाही विचार आहे. बहुतेक घरांना दिवाळीपूर्वी रंग हवा असतो, म्हणजे काम चातुर्मासात येते. त्या दिवसांत भिंतीत ओल असते. पांढऱ्या भिंतीवर लोणा आला तर तो लपतो, गडद भिंतीवर त्याचे पांढरे नकाशे उमटतात आणि सारी मेहनत वाया जाते. शिवाय कपाटे हलवताना, जुने पोपडे खरवडताना ओलीत वाढलेल्या जीवांची जी विराधना होते ती वेगळीच. कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर, भिंती पुऱ्या वाळल्या की काम सुरू करावे. त्याआधी दोन फूट लांब-रुंद प्लायवूडचा तुकडा निवडलेल्या रंगाने रंगवून बैठकीच्या भिंतीला टेकवून ठेवावा. चार दिवस तो तेथेच राहू द्यावा. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर घरातील प्रत्येकाने त्याकडे पाहावे, आजींनी तर संध्याकाळच्या प्रतिक्रमणानंतर, पिवळा दिवा लावून, हंडा शेजारी ठेवून पाहावे.